सायटोक्रोम सी ऑक्सिजन नेत नाही, एक इलेक्ट्रॉन नेतं

ऐरोलीहून अकरावीतल्या मुलीने दोन प्रश्न विचारलेत. सायटोक्रोम सी या प्रथिनात हिमोग्लोबिनसारखंच हीम, म्हणजे मध्ये लोह धरणारा गट, आहे, तर तेही ऑक्सिजनच वाहत असेल ना? आणि पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देत ऑक्सिजनपर्यंत नेणारी जी प्रथिनांची साखळी असते, तिच्यातला कॉम्प्लेक्स ३ इलेक्ट्रॉन थेट कॉम्प्लेक्स ४ला का देत नाही, मध्ये सायटोक्रोम सीचा हा हेलपाटा कशाला? ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवताना पहिली गल्लत मी दर वर्षी पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हीम दोघांकडे आहे, पण लोहाचं वागणं अगदी वेगळं. हिमोग्लोबिनमधलं लोह ऑक्सिजन धरतं आणि सोडतं, आणि त्यासाठी ते फेरसच (Fe²⁺) राहावं लागतं. एक इलेक्ट्रॉन गमावून फेरिक (Fe³⁺) झालं की हिमोग्लोबिनचं मेथेमोग्लोबिन होतं, मग ऑक्सिजन धरताच येत नाही. सायटोक्रोम सीचं काम मात्र ही अदलाबदलच: इलेक्ट्रॉन आला की फेरस, दिला की फेरिक. शिवाय लोहाच्या एका बाजूला हिस्टिडिन, दुसऱ्या बाजूला मेथिओनिन बसलेलं असतं. ऑक्सिजनला चिकटायला जागाच उरत नाही.

आता हेलपाटा. कॉम्प्लेक्स ३ आणि ४ हे मायटोकाँड्रियाच्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्राच्या) आतल्या पटलात रुतलेले अवजड प्रथिनसमूह आहेत. सायटोक्रोम सी त्यांच्यापुढे इवलंसं, माणसात १०४ अमिनो आम्लांचं, पाण्यात विरघळणारं, पटलाच्या बाहेरच्या अंगाला सैलसं टेकलेलं. हीमची एक कड बाहेर डोकावते आणि तिच्याभोवती धनप्रभारित लायसिनांचं कडं असतं. दोन्ही कॉम्प्लेक्सांवर ऋणप्रभारित जागा आहेत, तिथे ते टेकतं. मला इथे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दोघांना टेकायला ते तोच चेहरा वापरतं. म्हणजे एकाला सोडल्याशिवाय दुसऱ्याशी व्यवहार शक्यच नाही. घट्ट चिकटलं असतं तर साखळी तिथेच अडली असती. ‘मोबाइल कॅरिअर’ (फिरता वाहक) हे पुस्तकातले दोन शब्द पाठ करताना हा सैलपणा डोळ्यांसमोर आण.

एका खेपेत एकच इलेक्ट्रॉन. ऑक्सिजनच्या एका रेणूचं पाणी व्हायला मात्र चार लागतात, म्हणून चार खेपा. कॉम्प्लेक्स ४ इलेक्ट्रॉन आधी तांब्यावर घेतो, मग हीमकडे सरकवतो, आणि अर्धवट बदललेला ऑक्सिजन निसटू न देता धरून ठेवतो. तो निसटला तर पेशीला घातक.

ही अदलाबदल डोळ्यांनी दिसते. १९२५मध्ये केंब्रिजला डेव्हिड केलिन यांनी यीस्टच्या द्रावणातून प्रकाश सोडून वर्णपट पाहिला. द्रावण हवेत हलवलं की फेरस सायटोक्रोमचे काळे पट्टे नाहीसे होत, तसंच ठेवलं की परत उमटत. यीस्ट ऑक्सिजन संपवत होतं आणि सायटोक्रोम पुन्हा फेरस होत होतं. मॅकमन नावाच्या डॉक्टरांना हे रंगद्रव्य १८८०च्या दशकातच दिसलं होतं, पण त्यांचं म्हणणं तेव्हा मानलं गेलं नाही. याची मला अजून हळहळ वाटते.

याच सैल प्रथिनाची दुसरी बाजू १९९६मध्ये शाओडाँग वांग यांच्या गटाने दाखवली: ते मायटोकाँड्रियाबाहेर पडून पेशीद्रवात आलं की पेशीच्या नियोजित मृत्यूची यंत्रणा सुरू होते.

ओहोटीच्या वेळी ठाणे-ऐरोली लोकलमध्ये खाडीचा सडक्या अंड्यासारखा वास येतो ना? चिखलातले, ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, त्याचा तो वास. मोकळ्या हवेत तो विरून जातो. पण बंद मॅनहोलमध्ये साचला की प्राणघातक, आणि जास्त प्रमाणात नाकाला वासही कळेनासा होतो. हा वायू कॉम्प्लेक्स ४ अडवतो, सायनाइडही तिथेच अडवतं. मग सायटोक्रोम सी इलेक्ट्रॉन घेऊन फेरस अवस्थेत ताटकळतं, कारण पुढे घेणारा कुणी नाही. मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगाराच्या रक्तात त्या क्षणी ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही.