नागपुरात २०-२२ मजली फ्लॅट स्कीमला बीआयएमची खरंच गरज असते का?

तुम्ही विचारलंय की सिव्हिल इंजिनिअरिंग झालंय, नोकरी नागपुरातच करायची आहे, इथल्या मेट्रोला ५डी बीआयएम (म्हणजे बांधकामाचं माहितीसकट संगणकावरचं थ्रीडी मॉडेल, ५डीत त्याला वेळ आणि खर्चही जोडलेला) वापरल्याचं वाचलंय. पण आपल्याकडच्या उंच फ्लॅट स्कीमला ते लागतं का, आणि शिकायचं तर कोणतं सॉफ्टवेअर?

सॉफ्टवेअरचं एका ओळीत सांगते. मॉडेल करायला रेव्हिट शिका आणि क्लॅश, म्हणजे पाइप-बीम एकमेकांत घुसल्याच्या जागा, काढण्यापुरतं नेव्हिसवर्क्स. गरजेचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण याच प्रश्नावर मी साइटवरच्या माझ्या सरांशी दोन वर्षं भांडले आहे.

वर्धा रोडकडे २१ मजल्यांचा टॉवर होता, मजल्याला ४ फ्लॅट. काम मिवानचं. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलांचा साचा लावून काँक्रीटच्या भिंतीही स्लॅबसोबतच ओतायच्या. विटेच्या भिंतीसारखी नंतर झिरी मारून पाइप लपवायची सोय नाही. पॅनेलचा एकच सेट मजल्यामागून मजला वर चढतो. पहिल्या स्लॅबला एक स्लीव्ह (पाइपसाठी ओतण्याआधी ठेवायची नळी) टाकायची राहिली की वरच्या प्रत्येक मजल्यावर ती राहणार.

आर्किटेक्ट नागपूरचे, स्ट्रक्चरल कन्सल्टंट पुण्याचे, प्लंबिंगचे तिसरेच. तिघांची ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये आणि तिघांच्या हातात वेगवेगळी रिव्हिजन. मी रोज जेवण आटोपल्यावर घरी बसून टिपिकल मजल्याचं मॉडेल केलं. नऊ रात्री लागल्या. क्लॅश काढले तर दोन हजारांवर निघाले. त्यातले बहुतेक बिनकामाचे, एकच पाइप दहा ठिकाणी मोजलेला. चाळून चाळून ३१ खरे उरले.

त्यातला एक सांगते. मास्टर बेडरूमच्या टॉयलेटची ११० मिमीची सॉइल लाइन (मैल्याचा पाइप) शाफ्टकडे, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीकडे, जाताना ६०० मिमी खोलीच्या बीममधून जात होती, तीही कॉलमच्या तोंडापासून जेमतेम २०० मिमीवर. तिथे शिअर (बीम कापू पाहणारा जोर) सगळ्यात जास्त, म्हणून सळयांभोवतीच्या रिंगा जवळजवळ बांधलेल्या. तिथे भोक पाडायचं म्हणजे रिंगा तोडायच्या. आणि ड्रॉइंगवर स्लीव्ह नव्हतीच.

३१ मुद्द्यांची यादी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं, "साइटवर पाहू." वर म्हणाले, "अगं, ही थ्रीडी चित्रं ब्रोशरवाल्याला दे. तू स्लॅबची तारीख सांभाळ."

पाच स्लॅब ओतून झाले. मग प्लंबर आला आणि खाली उभा राहून म्हणाला, "मॅडम, पाइप कुठून नेऊ? इथं तर बीम येऊन राहिला." काँक्रीटला मशीनने भोक पाडणाऱ्या कोअर कटिंगवाल्याला निरोपही गेला होता. मशीन लागायच्या आत मी स्ट्रक्चरल कन्सल्टंटना फोन लावला, त्यांनी साफ नाही म्हटलं. शेवटी लाइन बीमखालून वळवली, तिला उतार दिला आणि ती झाकायला खालच्या टॉयलेटचं फॉल्स सीलिंग आणखी खाली घ्यावं लागलं. मजल्याला असे दोन फ्लॅट, पाच मजल्यांचे दहा. सहाव्यापासून कमोडची जागा सरकवली, स्लीव्ह टाकली, तिथली पॅनेलं बदलून आणली. तोवर तारीखही गेलीच होती.

पझेशनच्या दिवशी त्यातल्या एका फ्लॅटच्या काकू आल्या. निवृत्त शिक्षिका, नवऱ्याच्या फंडाचे पैसे घातलेले. टॉयलेटमध्ये हात वर करून त्यांनी सीलिंगला बोटं टेकवली आणि विचारलं, "वर काय लपवलं गं?" मला उत्तर माहीत होतं. देता आलं नाही. ते मला आजही सलतं.

सर अजूनही म्हणतात की अनुभवी सुपरवायझर असला की मॉडेल लागत नाही. हे चूक आहे. सुपरवायझरला चूक दिसते ती सळई बांधताना, आणि तोवर पॅनेलं साइटवर येऊन पडलेली असतात. त्याचा अनुभव कामाला यायला हवा तो पॅनेलची ऑर्डर जायच्या आधी, मॉडेलसमोर बसवून.

मॉडेल करणाऱ्यालाही गाव माहीत हवं. पुढच्या स्कीमचं मॉडेल बाहेरगावच्या एजन्सीने करून दिलं. एसीचे आउटडोअर युनिट अगदी नीट दाखवले होते, कूलर कुठेच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो त्या नागपुरात! मी डेझर्ट कूलरची फॅमिली (रेव्हिटमधली वस्तूची प्रतिकृती) स्वतः बनवली आणि हॉलच्या खिडकीशी ठेवली, त्याचा पाण्याचा पॉइंट, निचरा आणि प्लगसकट. ठेवल्यावर दिसलं की बाल्कनीतली पावसाच्या पाण्याची लाइन नेमकी तिथूनच उतरते. ती दोन फूट सरकवायला एक दुपार पुरली. त्या स्कीममध्ये कूलरसाठी एकाही घरात भिंत फोडावी लागलेली नाही, याचा मला अभिमान आहे.

मेट्रोशी तुलना करू नका. तिथे मालक एकच, त्याने ठरवलं की सगळ्यांना मॉडेलवर यावंच लागतं. बिल्डरकडे बहुतेक वेळा कन्सल्टंटच्या करारात मॉडेलचा उल्लेखच नसतो, त्यामुळे वेळ आणि खर्च जोडलेल्या ५डीच्या गप्पा तिथे फोल आहेत. थ्रीडी कोऑर्डिनेशन वेळेवर झालं तरी खूप झालं.

आणखी एक राहिलं. बीआयएम इमारतीचं डिझाइन करून देत नाही. ५० मीटरच्या वर गेलात की आयएस १६७०० हा उंच इमारतींचा कोड लागतो, नागपूरला ४४ मीटर प्रति सेकंद वाऱ्याचा वेग धरावा लागतो, आणि ते गणित ईटॅब्स या स्ट्रक्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये कन्सल्टंटच करतो. विटेच्या भिंतींची चार-पाच मजली इमारत असेल तर चांगल्या ड्राफ्ट्समनचं ऑटोकॅड पुरतं, उगाच खर्च करायला लावू नका. आणि रिव्हिजन आली की मॉडेल त्याच आठवड्यात बदललं पाहिजे. जुनं मॉडेल असण्यापेक्षा नसलेलं बरं, त्याच्या भरवशावर लोक स्लॅब टाकतात.

इंटरव्ह्यूला गेलात की एकच विचारा: मागच्या स्कीमला मॉडेल मिवानची ऑर्डर द्यायच्या आधी झालं होतं की नंतर? "नंतर" म्हणाले तर तिथे तुम्हाला ब्रोशरचीच चित्रं काढावी लागतील. नोकरीची गरज असेल तर घ्या, पण शाफ्टचे सेक्शन काढायचा सराव घरी चालू ठेवा.