'स्टोनर' पहिल्यांदा वाचताय?

चाळीस पानांत काही घडलं नाही म्हणून पुस्तक मिटू नका. १९६५च्या या कादंबरीत जॉन विल्यम्स यांनी नायकाची नोकरी आणि मृत्यू पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलाय. तेव्हा 'पुढे काय होणार' हा प्रश्न सोडा. शेतकी शिकायला मिसुरी विद्यापीठात आलेला हा मुलगा शेक्सपिअरच्या त्र्याहत्तराव्या सुनीतापाशी (सॉनेट, चौदा ओळींची कविता) अडखळतो, तिथे मात्र रेंगाळा. माझ्या मते सगळी कादंबरी त्या पानांत आहे.

नवे वाचक हमखास दोन चुका करतात:
- स्टोनर हरला की जिंकला, याचा निकाल घाईने लावतात.
- पत्नी ईडिथला थेट खलनायिका ठरवतात. तिच्या बालपणाचा भाग पुन्हा वाचा.

कुणाला स्टोनर मुळमुळीत वाटतो, कुणाला खंबीर. तुम्हाला कंटाळवाणा वाटला तर बिनधास्त सांगा, फक्त शेवटचं प्रकरण वाचून झाल्यावर. समीक्षा तोवर वाचूच नका.