सही करण्यापूर्वी

नाशिक

चिरंजीव गायिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा क्लास सुटल्यावर तू कराराचे नऊ कागद माझ्या पुढ्यात ठेवलेस आणि विचारलेस की, नाशिकच्या मुलीला जगभर ऐकली जाणारी पॉप गायिका होता येईल का, आणि येत असेल तर त्याला किती वर्षे लागतील. पुढची बॅच दारात येऊन उभी राहिल्यामुळे मी तेव्हा काहीच बोलले नाही. त्यानंतर ते कागद मी पेन्सिल हातात घेऊन दोनदा वाचले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी मनापासून 'हो' असे देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्या कागदांचे तू काय करतेस यावर बरेचसे अवलंबून आहे, म्हणून पत्र लांबले तरी शेवटपर्यंत वाच.

फ्रेडी मर्क्युरीचे उदाहरण घे. १९४६ साली झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात राहून शिकला आणि तिथेच शाळासोबत्यांना घेऊन त्याने पहिला बँड काढला. १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले, १९७० मध्ये त्याचा 'क्वीन' हा बँड उभा राहिला, १९७३ मध्ये पहिला अल्बम आला आणि जुलै १९८५ मध्ये, लाइव्ह एडच्या कार्यक्रमात, लंडनच्या वेम्बलीचे अख्खे मैदान वीसेक मिनिटे त्याच्या इशाऱ्यावर गात होते. पाचगणी ते वेम्बली हे अंतर सुमारे तीस वर्षांचे आहे. लिव्हरपूलचे बीटल्स १९६० ते १९६२ या काळात पुन्हा पुन्हा जर्मनीला जाऊन हॅम्बुर्गच्या क्लबांत रात्ररात्र वाजवत होते. अमेरिकेच्या टीव्हीवर सात कोटींहून अधिक लोकांनी त्यांना पाहिले ते फेब्रुवारी १९६४ मध्ये. इंग्लिश गायक एड शीरन किशोरवयातच गिटार घेऊन लंडनला गेला, ओळखीपाळखीच्यांच्या सोफ्यांवर झोपला आणि २००९ या एका वर्षात त्याने तीनशेहून अधिक कार्यक्रम केले. एकट्याने गाताना मागे साथ हवी म्हणून तो लूप पेडल वापरतो, म्हणजे गिटारवरची थाप आणि सूर तिथल्या तिथे रेकॉर्ड करून त्यावरच पुढे गातो. त्याच एका गिटारीवर आणि पेडलवर त्याने २०१५ मध्ये वेम्बलीत सलग तीन रात्री कार्यक्रम केले.

हे सगळे तुला सांगण्याचे कारण कालिदास कलामंदिरातला तुझा तो कार्यक्रम. तू ट्रॅकवर गात होतीस आणि दुसऱ्या अंतऱ्यात ट्रॅक अचानक बंद पडला. विंगेत धावपळ सुरू झाली, साउंडवाला लॅपटॉपवर वाकला, आणि तू क्षणभर थांबून डाव्या हाताने मांडीवर ठेका धरलास आणि ध्रुवपदावर परत आलीस. दोन आवर्तनांत मागच्या रांगांनी टाळी धरली. ट्रॅक पुन्हा सुरू झाला तेव्हा तू त्याच्यापेक्षा अर्धा सूर वर गेली होतीस, आणि ते तुझ्या लक्षात आल्याचे तुझ्या चेहऱ्यावर मला दिसले. त्या संध्याकाळी मला दोन्ही गोष्टी कळल्या: समोरच्या माणसांना धरून ठेवण्याची ताकद तुझ्यात उपजत आहे, आणि साथीशिवाय सूर जागेवर ठेवण्याचा सराव अजून कमी आहे. ही कमतरता बंद खोलीत भरून निघत नाही. त्यासाठी लग्नाची संगीत संध्या, गणेशोत्सवातले मंडळाचे स्टेज, कॉलेजचे गॅदरिंग, एखाद्या कॅफेतले वीस श्रोते, असे सगळे हवे, आणि वर्षाला निदान शंभर वेळा हवे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी राजाश्रयाबाहेर पडून, तिकीट लावून सर्वसामान्य माणसांसमोर गाणे मांडले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे आपल्या नाशकात रामनाम आधाराश्रम उभारला. समोर बसलेल्या अनोळखी माणसाला गाणे पोहोचले पाहिजे ही निष्ठा त्या परंपरेत आहे, आणि पॉप गाणाऱ्याला ती खयाल गाणाऱ्याइतकीच लागते असे मी मानते.

आता ते नऊ कागद. मी १९९४ साली भक्तिगीतांच्या एका कॅसेटसाठी आठ गाणी गायले. त्यांपैकी दोन चाली माझ्या स्वतःच्या होत्या. कंपनीच्या माणसाने स्टुडिओच्या पायरीवर मला स्टॅम्पपेपर दिला, पाकिटात दीड हजार रुपये होते, शेवटची बस गाठायची होती, आणि मी न वाचता सही केली. ती गाणी आजही देवळांच्या भोंग्यांवरून ऐकू येतात, इंटरनेटवरही आहेत. तिथे माझे नाव नाही आणि त्या चालींचा एक रुपयाही त्यानंतर मला मिळाला नाही. मला पैशांपेक्षा त्या दोन चालींचे दुःख अधिक आहे, कारण त्या मला आता माझ्या म्हणून कुठे गाता येत नाहीत.

म्हणून हे नीट समजून घे. एका गाण्यात दोन निरनिराळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक. त्या गाण्याचे ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात, ती दुसरी. अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टच्या पहिल्या सहा अल्बमांचे मास्टर तिच्या कंपनीकडे होते आणि २०१९ मध्ये कंपनीबरोबर तेही विकले गेले. पण गाणी तिने स्वतः लिहिलेली होती, त्यामुळे तिला ती नव्याने गाऊन ध्वनिमुद्रित करता आली. २०२१ ते २०२३ या काळात तिने असे चार अल्बम आणले आणि मे २०२५ मध्ये मूळ मास्टरही विकत घेतले. याच मुलीने कोवळ्या वयात एका मोठ्या कंपनीचा करार सोडून दिला होता, कारण ती कंपनी तिला अल्बम न काढता नुसती थांबवून ठेवू पाहत होती. चौदाव्या वर्षी तिच्यासाठी कुटुंब नॅशव्हिलजवळ राहायला गेले होते. एवढे पणाला लागलेले असतानाही तिची गाणी लिहिण्याची सवय हीच तिची खरी शिदोरी ठरली.

तुझ्या करारात सातवे कलम असे आहे की, पुढील पाच वर्षांत तू जे काही लिहिशील, चाल लावशील किंवा गाशील ते सर्व कंपनीचे. नवव्या कलमात दोन लाख रुपये आगाऊ आहेत, आणि ती रक्कम व व्हिडिओचा सहा लाखांचा खर्च तुझ्या पंधरा टक्के हिश्शातून वळता होणार आहे. याचा हिशेब मांड. तुझ्या पंधरा टक्क्यांतून आठ लाख फिटायचे तर गाण्यांनी एकूण त्रेपन्न लाखांहून अधिक कमावले पाहिजेत, आणि तोपर्यंत तुझ्या हातात पुढचा पैसा पडणार नाही. आगाऊ रक्कम हे बक्षीस नसते, ती उचल असते. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही, हे तुझ्या बाजूचे मोठे बळ आहे. तू स्वतः लिहितेस आणि चाली लावतेस, म्हणून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून त्यांना देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घे. तो अर्ज मी तुझ्याबरोबर बसून भरेन.

तू विचारले होतेस की मराठीत गाऊन बाहेर जाता येईल का. कोरियातला बीटीएस हा गायकांचा गट घे: ते २०१३ मध्ये एका छोट्या कंपनीतून पुढे आले आणि २०१८ मध्ये त्यांचा कोरियन भाषेतला अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला. इंग्रजी गाण्याने त्यांना एकेरी गाण्यांच्या यादीत पहिले स्थान दिले ते त्यानंतर, २०२० मध्ये. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचे मराठी गाणे २०२४ मध्ये देशभर वाजले. तुझ्या वहीतले गोदाघाटावरचे गाणे मला तुझ्या इंग्रजी गाण्यांपेक्षा फार सरस वाटते, कारण त्यात पुराचे पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर आले हे बघायला गेलेली मुलगी खरी आहे. इंग्रजीत तू जे लिहितेस त्यात मला अजून दुसऱ्या कुणाचा आवाज ऐकू येतो.

स्पॉटिफायवर गाणे निदान तीस सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते, आणि वर्षभरात एक हजार वेळा ऐकले गेल्याशिवाय त्याचे मानधन सुरू होत नाही. त्यामुळे हल्ली सुरुवातीची सुरावट छाटून ध्रुवपद पुढे आणतात. गाणे मागत असेल तर तू जरूर तसे कर, पण गोदाघाटाच्या गाण्याची सुरुवातीची बासरी काढू नकोस.

गळ्याविषयी थोडेच लिहिते, कारण ते तुला रोज सांगतेच. अडेलसारख्या गायिकेला २०११ मध्ये स्वरयंत्रातल्या रक्तस्रावामुळे दौरा रद्द करून शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आवाज बसलेला असताना गाऊ नकोस, आयोजक कितीही विनवू देत. डिसेंबरच्या थंडीत पहाटेचा खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज चुकवू नकोस, आणि कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मैत्रिणींबरोबर मोठ्याने बोलणे टाळ.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता ये. सकाळी नको, तुझा रियाज असतो. येताना आईबाबांना घेऊन ये आणि कराराची मूळ प्रत, गाण्यांची वही व आधार कार्ड आण. माझ्या ओळखीच्या वकील बाई येणार आहेत. सातव्या कलमातले 'सर्व' हा शब्द काढून तिथे फक्त दोन गाण्यांची नावे घालायची आणि मुदत एका वर्षाची करायची, एवढे आपण कंपनीला लेखी कळवू. ते तयार झाले तर तू माझ्यासमोर सही कर. नाही झाले, तर सोमवारी स्टुडिओत जाऊन गोदाघाटाचे गाणे आपल्या खर्चाने रेकॉर्ड करू. मी पेटीवर बसेन आणि बासरीवाल्याशी माझे बोलणे झाले आहे.

तुझी,
ताई