खिशातून पोत्यात

न्यू जर्सीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. अमेरिकन फुटबॉलमधल्या डीकन जोन्सबद्दलच्या एका मराठी मजकुरात त्यांना 'त्याने शेकडो क्वार्टरबॅकना बडतर्फ केले' असं वाक्य सापडलं. इथल्या मूळ इंग्रजी 'सॅक'ला मराठीत काय म्हणावं, आणि जोन्स ज्या जागी खेळायचा त्या 'डिफेन्सिव्ह एंड'ला काय?

बडतर्फीचा निकाल आधी लावू, कारण हे वाक्य मी निरनिराळ्या वेषांत इतक्यांदा वाचलंय की आता हसूही येत नाही. बडतर्फ म्हणजे फारसी 'बर-तरफ', बाजूला केलेला. क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा गडी, बाजूला होत नाही, उताणा पडतो. कपडे झटकून उठतो आणि पुढच्या खेळीला पुन्हा त्याच जागी उभा राहतो. नोकरी शाबूत, पगार शाबूत, फक्त बरगड्यांचं सांगता येत नाही. चेंडू फेकायच्या बेतात असताना खेळी जिथून सुरू झाली त्या रेषेच्या मागे त्याला पाडलं की झाला सॅक. जितका मागे पडला तितके यार्ड संघाने गमावले.

पाठीवरची सॅक आणि कामावरून काढणं हे दोन अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांवर वेळ घालवत नाही. (कामावरून काढलेला कारागीर आपल्या हत्यारांची पिशवी उचलून चालू लागे, म्हणून 'सॅक मिळाली'. झालं.) खरी गंमत तिसऱ्या अर्थात आहे. शहर लुटून उद्ध्वस्त करणं यालाही इंग्रजीत सॅकच म्हणतात. १५२७ साली रोमची झाली ती 'सॅक', आणि १६६४ साली सुरतेची झाली तीही इंग्रजी पुस्तकांत 'सॅक'. हा अर्थ इटालियन-फ्रेंचांकडून आला. त्यांच्याकडे शहर 'पोत्यात घालत', म्हणजे हाती लागेल ते पोत्यात भरून नेत. आपण सामना खिशात घालतो, त्यांनी शहरं पोत्यात घातली.

काही विद्वान इथे 'रॅनसॅक'शी सोयरीक जुळवतात. ती जुळत नाही. तो नॉर्स शब्द आहे: 'रान्न' म्हणजे घर, 'साका' म्हणजे शोधणं, मिळून घराची झडती. नावातलं साम्य पाहून आडनाव एकच म्हणणाऱ्यांची जात आपल्याकडेही आहे.

आता जोन्स. १९६१ च्या खेळाडू निवडीत हा चौदाव्या फेरीत, १८६ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिस रॅम्स या संघाकडे आला, म्हणजे जवळजवळ उरलेल्या मालात. खरं नाव डेव्हिड. पण लॉस एंजेलिसच्या फोनच्या वहीत डेव्हिड जोन्स उदंड होते, म्हणून त्याने स्वतःच डीकन हे नाव घेतलं. डीकन म्हणजे चर्चमधला सेवक. काही जुन्या मंडळींनी या ग्रीक शब्दाची फोड 'धुळीतून जाणारा' अशी केली होती. आजचे पंडित ती मानत नाहीत, आणि बहुधा त्यांचंच बरोबर आहे. पण समोरच्याला धूळ चारणाऱ्या माणसासाठी ती मला सोडवत नाही.

तर या सेवकाने क्वार्टरबॅकला पाडण्याच्या कृतीला 'सॅक' हे नाव रुळवलं. त्याचं म्हणणं असं की शहर जसं उद्ध्वस्त होतं तसा यात समोरचा संघ उद्ध्वस्त होतो. दुसरं स्पष्टीकरणही तोच द्यायचा: प्रतिस्पर्ध्यांना गोणपाटाच्या पोत्यात भरायचं आणि वरून बेसबॉलच्या बॅटने बडवायचं. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. 'पोत्यात घालून बडवला पाहिजे' हे आपण रोज कुणा ना कुणाबद्दल म्हणतोच. जाता जाता, त्या गोणपाटासाठीचा इंग्रजी 'गनी' आपल्याकडच्या 'गोणी'वरून गेला आणि 'लूट'ही इथूनच गेली. पोतं आपलं, त्यात भरायचा मालही आपला.

या श्रेयावर वाद आहे. प्रशिक्षक मार्व्ह लेव्ही यांच्या मते शब्द जॉर्ज ॲलन यांचा. डॅलसचा क्वार्टरबॅक क्रेग मॉर्टन, आणि मॉर्टन हे अमेरिकेतलं प्रसिद्ध मीठ, म्हणून वॉशिंग्टनचे प्रशिक्षक असताना ॲलन म्हणाले, हे मीठ पोत्यात ओता. कोटी झकास आहे, पण कोटीला व्युत्पत्ती समजणं हा आळस झाला. ॲलन वॉशिंग्टनला गेले १९७१ साली. त्याआधी १९६६ पासून पाच मोसम ते रॅम्सचे, म्हणजे खुद्द जोन्सचेच प्रशिक्षक होते. शब्द कुणी कुणाकडून उचलला असेल, हे सांगायला पंचांग लागत नाही.

पण मला सर्वांत आवडतं ते निराळंच. चेंडू फेकताना क्वार्टरबॅकभोवती त्याचे साथीदार कडं करतात. त्या कड्याच्या आतल्या जागेला म्हणतात 'पॉकेट', आणि पॉकेट म्हणजे मुळात जुन्या नॉर्मन फ्रेंचमधली 'छोटी पिशवी'. म्हणजे बिचारा उभा असतो छोट्या पिशवीत आणि जोन्स त्याला उचलून मोठ्या पिशवीत टाकतो. खिशातून पोत्यात! हे कुणी ठरवून केलेलं नाही, म्हणून तर मजा. त्या खिशापर्यंत पोचायला जोन्सचा आवडता मार्ग म्हणजे समोरच्या गड्याच्या शिरस्त्राणावर, कानापाशी, सणसणीत थप्पड. १९७७ मध्ये नियमाने तिच्यावर बंदी आली. तोवर जोन्स निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

मग मराठी शब्द? 'लूट' नको, कारण चेंडू पडलेल्याच्याच संघाकडे राहतो, कुणी काही नेत नाही. 'पकड' नको, ती कुठल्याही गड्याची होते. माझं मत 'पाडाव'. आपण शहराचा पाडाव म्हणतो, कॉन्स्टँटिनोपलचा पाडाव. बखरींत हत्ती-घोडे पाडाव होतात. शिवाय शब्दात 'पाडणं' उघड दिसतंच. माणूस आणि शहर दोघांनाही बसणारा असा शब्द घरात असताना बडतर्फी कशाला?

एक अडचण कबूल करतो. खेळाडूंच्या नावावरची सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासूनची, आणि दोघांनी मिळून पाडलं तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धा जमा होतो. जुन्या नोंदी तपासून जोन्सच्या नावावर अनधिकृतपणे १७३.५ सॅक लावले जातात. अर्धा पाडाव कानाला खटकतो खरा. लूट मात्र अर्धी-अर्धी वाटून घेता येते. पण अर्धा बडतर्फ तर त्याहून हास्यास्पद, तेव्हा खटकलं तरी चालेल.

हो, 'डिफेन्सिव्ह एंड' राहिलंच. तो 'बचावात्मक शेवट' नव्हे. हा एंड म्हणजे रांगेचं टोक, आणि जोन्स डाव्या टोकाला असे. कबड्डीने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय: डावा कोपरारक्षक.