वाचक विचारतात : विज्ञानाचं किट घ्यावं का?

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे, घरीच शिकते. ‘१५१ प्रयोग’ असं लिहिलेलं एक महागडं किट पाहिलं आहे. घ्यावं का? नसेल तर काय घ्यावं?
– एक पालक, नाशिक

१५१ हा आकडा आधी डोक्यातून काढा. एकाच चुंबकाने टाचणी, खिळा आणि पेपरक्लिप उचलली की तीन प्रयोग मोजले जातात. किटसोबतच्या पुस्तिकेची पानं दुकानात किंवा ऑनलाइन पाहायला मिळाली तर चाळा. मुलीने काय मोजायचं आणि काय बदलून पाहायचं, हे किती ठिकाणी लिहिलं आहे ते शोधा. ‘फेस येईल’, ‘रंग बदलेल’ एवढ्यावर प्रयोग संपत असतील तर ती करमणूक झाली. करमणूक वाईट नाही, पण तिला एवढे पैसे मोजू नयेत.

पुस्तिका लिहिणाऱ्याला विषय कळतो का, हे पाहायला मेणबत्तीचा प्रयोग उघडा. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून पेला पालथा. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढतं. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून पाणी एक-पंचमांश चढलं’ असं लिहिलेलं असेल तर ते चूक आहे. पेला झाकतानाच आतली हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेरही निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि पाणी वर खेचलं जातं. पाणी मुख्यतः ज्योत विझल्यावरच चढतं, हे नीट पाहिलं तर दिसतं. सगळा ऑक्सिजन संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते. पडताळा घरीच घेता येतो: एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढेल.

ऑक्सिजनचं प्रमाण खरोखर मोजायचं असेल तर लोखंड गंजू द्या. सुमारे १ ग्रॅम बारीक लोखंडी वूल (केसासारख्या लोखंडी तारांचा पुंजका) मिनिटभर व्हिनेगरमध्ये बुडवून झटका, म्हणजे त्यावरचा संरक्षक लेप जाईल. मग ते १५ सेंटिमीटरच्या परीक्षानळीच्या तळाशी सैलसर बसवा आणि नळी पाण्याच्या वाटीत पालथी उभी करा. एक-दोन दिवसांत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढून थांबतं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, त्याच्याशी हे जुळतं. पाणी चढलंच नाही तर बहुधा भांडी घासायची स्टीलची घासणी वापरली गेली आहे. ती गंजत नाही. लोखंडी वूल रंगाच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते घट्ट कोंबलं तर फक्त बाहेरचा थर गंजतो आणि पाणी कमी चढतं. नोंद रोज एकाच वेळी घ्या, कारण दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते आणि पाणी खाली सरकतं.

किटच्या पैशांत मोजायची साधनं येतात: १०० मिलिलिटरचं मोजपात्र, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, ११० अंशांपर्यंतचा तापमापी, साधा मल्टिमीटर, सोनाराचं १० पटींचं भिंग. घड्याळ फोनमध्ये आहेच. ही साधनं दहावीपर्यंत उपयोगी पडतात. सुरुवात लंबकाने करा, त्याला खर्चच नाही. दोऱ्याला नट बांधा. टांगलेल्या टोकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर लांबी ठेवा आणि नट थोडासाच बाजूला ओढून सोडा. २० आंदोलनांना (जाऊन परत आला की एक) सुमारे ४० सेकंद लागतील. लांबी २५ सेंटिमीटर केली की २० सेकंद. मुलीला ३८ सेकंद आले तर तिने सोडतानाच ‘एक’ म्हटलं असणार. सोडताना ‘शून्य’ म्हणायचं. नट बदलून, जड-हलके लावून काय होतं, ते तिचं तिला शोधू द्या.

प्रश्न : वाढदिवसाला सूक्ष्मदर्शक द्यायचा आहे. १२०० पट मोठं दाखवणारा प्लास्टिकचा स्वस्त मिळतो, ४०० पटींचा मात्र महाग. असं कसं?
– एक वाचक, सांगली

१२०० पट मोठं होतं, पण धूसर. भिंग जेवढे बारकावे वेगळे दाखवू शकतं त्यापलीकडे प्रतिमा कितीही ताणली तरी नवं काही दिसत नाही. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब असते. ती ४० पटींतही दिसते, १०० पटींत छान दिसते. गालाच्या आतल्या पेशींना ४०० पुरे.

घेताना सांगाडा धातूचा, भिंगं काचेची आणि वस्तुभिंगं (खालची, वस्तूजवळची भिंगं) ४, १०, ४० पटींची हवीत. १० पटींच्या नेत्रिकेबरोबर (डोळा लावायच्या भिंगाबरोबर) ४०, १०० आणि ४०० पट मिळतात. वस्तुभिंग आटे फिरवून काढता येतं का, हेही पाहा, म्हणजे खराब झालं तर तेवढंच बदलता येईल. दुकानातच काचपट्टी लावून प्रतिमा स्पष्ट करा आणि हात काढा. अर्ध्या मिनिटात प्रतिमा आपोआप धूसर झाली तर नळी स्वतःच्या वजनाने घसरते आहे. तो सूक्ष्मदर्शक नको.

मुलांच्या हातून दोन गोष्टी हमखास बिघडतात. ४०चं वस्तुभिंग लावून मोठा स्क्रू फिरवला की भिंग काचपट्टीवर आदळतं. त्या भिंगाला फक्त छोटा स्क्रू, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. दुसरं म्हणजे हवेचे बुडबुडे. काळ्या जाड कडेचा गोल दिसला की मुलं ‘पेशी’ म्हणून त्याचं चित्र काढतात. कव्हर स्लिप (वरून झाकायची पातळ काच) एका कडेवर टेकवून तिरकी, हळूहळू खाली सोडा. पापुद्रा रंगवायला टिंक्चर आयोडीनचा एक थेंब चार-पाच थेंब पाण्यात मिसळून वापरा.

पैसे कमी असतील तर फोल्डस्कोप पाहा. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा कागदी, घडीचा सूक्ष्मदर्शक सुमारे १४० पट मोठं दाखवतो. डबक्याच्या पाण्याला तेवढं पुरतं. प्रकाशासाठी फोनचा टॉर्च वापरा. त्यातून सूर्याकडे मुळीच पाहू नये.

प्रश्न : सातवीत ४८ मुलं आहेत. परिपथाचा प्रयोग घेतला, पण निम्म्या गटांचा दिवा लागलाच नाही. साहित्य नवं होतं.
– शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

तुम्ही दुकानात ‘छोटा बल्ब’ मागितला आणि मिळाला एलईडी, असं दिसतं. टॉर्चचे जुने बल्ब आता सहज मिळत नाहीत. तो बल्ब उलटसुलट कसाही जोडला तरी लागायचा आणि दीड व्होल्टच्या एका सेलवरही मिणमिणायचा. एलईडी एकाच दिशेने चालतो, त्यामुळे लांब पाय सेलच्या धन टोकाकडे यायला हवा. एका सेलवर तो लागत नाही. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, पांढऱ्याला ३च्या आसपास. म्हणून दोन सेलवर लाल नीट लागतो, पांढरा नव्या सेलवर फिकट लागून लवकरच बंद पडतो.

चार-चारचे १२ गट करा. प्रत्येक गटाला दोन सेल, एक लाल एलईडी आणि १०० ओहमचा एक रोध द्या (त्यावरचे पहिले तीन पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी). रोधामुळे प्रवाह १० मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. रोध नसेल तर एलईडी जळायची भीती, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर थेट लावला तर गेलाच म्हणून समजा. दोन सेल कागदाच्या नळीत घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांच्या तारा सायकलच्या ट्यूबच्या रबराने आवळून धरा. चिकटपट्टीखाली तार सैल होते आणि मुलं तासभर दोष शोधत बसतात. तांब्याची इनॅमल्ड तार असेल तर टोकं पॉलिश पेपरने लखलखीत घासा. तो लेप विद्युतरोधक असतो.

खरं तर दिवा न लागणं चांगलंच. प्रत्येक गटाला ‘कारणांची यादी आणि एका वेळी एकच बदल’ असं काम द्या.

प्रश्न : मोबाइलवरची सिम्युलेशन्स पुरेशी नाहीत का?
– एक पालक, पणजी

पुरेशी नाहीत, पूरक आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. एकदा उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये इंटरनेटशिवाय चालतात. जे डोळ्यांना दिसत नाही, म्हणजे तारेतले इलेक्ट्रॉन किंवा वायूचे रेणू, त्यासाठी ती उत्तम. पण पडद्यावरची तार कधी सैल होत नाही. म्हणून आधी खरा परिपथ, मग पडदा.

प्रश्न : हळदीच्या कागदावर खायच्या सोड्याचं पाणी टाकलं, लाल झाला नाही. चुन्याची निवळीही फुंकर मारून दुधाळ होईना.
– दोन विद्यार्थी, बीड

हळद आम्लारीमध्ये लाल होते, पण सोड्याच्या पाण्याचा पीएच ८.३च्या आसपास, म्हणजे किंचितच आम्लारी असतो. तेवढ्याने हळद जेमतेम नारिंगी होते. तेच पाणी दहा मिनिटं उकळा, गार करा आणि पुन्हा थेंब टाका. उकळल्याने कार्बन डायऑक्साइड निघून जातो, धुण्याचा सोडा तयार होतो आणि कागद तांबडा होतो. साबणाने हळदीचा डाग लाल होतो किंवा चुन्याने हळदीचं कुंकू होतं, ते याच गुणामुळे. लिंबाने पिवळा कागद बदलत नाही. तांबडा झालेला मात्र पुन्हा पिवळा होतो. कागद बनवताना हळद पाण्याऐवजी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा, रंग नीट उतरतो. हे काम गॅसपासून लांब करा, स्पिरिट पेट घेतं.

निवळी बहुधा जुनी असेल. उघडी राहिली तर हवेतल्याच कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते आणि चुना संपतो. १ लिटर पाण्यात १ चमचा खायचा चुना ढवळा, रात्रभर स्थिर ठेवा, वरचं नितळ पाणी बाटलीत काठोकाठ भरून बूच लावा. नळीने फुंकलं की मिनिटभरात दुधाळ होते, आणि फुंकत राहिलं तर पुन्हा नितळ होऊ लागते, कारण दुधाळपणा आणणारा कॅल्शियम कार्बोनेट विरघळतो. नळीतून पाणी ओढायचं नाही. चुन्याची पुडी मोठ्यांनीच उघडावी: चुना डोळ्यात गेला तर बुबुळ कायमचं निकामी होऊ शकतं. गेलाच तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली डोळा निदान २० मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. कळीचा चुना आणू नका. त्यावर पाणी पडलं की तो उकळून उसळतो.