क्लॉकची वायर नसताना एकाच वायरवरून एलईडी ड्रायव्हर चिपला ० आणि १ कसे कळतात?

तुमच्याकडे मायक्रोकंट्रोलरची एकच पिन उरलीय, तिच्यावरून टीपीएस६११६५ या एलईडी ड्रायव्हर चिपने दिव्याचा उजेड कमी-जास्त करायचाय, आणि क्लॉकशिवाय, म्हणजे बिट कधी वाचायचा हे सांगणाऱ्या वेगळ्या ठोक्यांशिवाय, बिट कसे ओळखले जाणार हे कळत नाहीये. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल तपासायच्या टेबलांवरच्या दिव्यांची सर्किट कार्डं मी बनवतो. त्यात हीच चिप आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

चिप बिटाची लांबी मोजत बसत नाही, ती गुणोत्तर बघते. प्रत्येक बिटात वायर आधी लो (कमी व्होल्टेज), मग हाय (जास्त व्होल्टेज). लो हा हायच्या दुपटीहून लांब असला तर ०, हाय हा लोच्या दुपटीहून लांब असला तर १. मला ही पद्धत मनापासून आवडते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार, पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारू नका. त्या उकाड्यात कंट्रोलरचा आतला आरसी ऑसिलेटर, म्हणजे त्याचं घड्याळ, सरकतो. साध्या सिरीयलमध्ये, जिथे प्रत्येक बिटाची वेळ ठरलेली असते, काही टक्क्यांच्या फरकानेच अक्षरं बिघडतात. इथे लो आणि हाय दोन्ही एकाच घड्याळावर चालतात, लांबले तर दोन्ही लांबतात.

सुरुवात मात्र वेळेवरच अवलंबून आहे, आणि बहुतेक जण तिथेच अडकतात. आधी पिन २.५ मिलिसेकंदांहून जास्त लो ठेवून चिप बंद करा. मग हाय करा, १०० मायक्रोसेकंद जाऊ द्या, मग २६० मायक्रोसेकंदांहून जास्त लो ठेवा. हाय केल्यापासून १ मिलिसेकंदाच्या आत हे उरकलं पाहिजे, नाहीतर चिप तुमचे बिट पीडब्ल्यूएम (पल्सच्या रुंदीने उजेड ठरवण्याची दुसरी पद्धत) समजते. पुढे पत्त्याचा बाइट, हेक्समध्ये ७२, आणि मग डेटाचा. त्यातले शेवटचे ५ बिट म्हणजे उजेडाच्या ३२ पायऱ्या.

माझा एक दिवा मधूनच मंद व्हायचा. सोल्डरिंग दोनदा तपासलं, काही सापडेना. शेवटी लॉजिक अ‍ॅनालायझर लावला, तेव्हा दिसलं: १ मधला छोटा लो टायमर इंटरप्टमुळे (कंट्रोलर हातातलं काम थांबवून टायमरचं काम करतो त्यामुळे) ताणला जात होता आणि त्याचा ० होत होता. पाचातला पहिलाच बिट असा गेला की ३१ ची थेट १५ वी पायरी. दोन्ही बाइट जाईपर्यंत इंटरप्ट बंद ठेवले, दिवा स्थिर झाला.

बाइट मिळाल्याची पोच चिपकडून मागणार असाल तर पिन ओपन ड्रेन (फक्त खाली ओढणारी) ठेवा आणि वायर वर ओढायला पुल-अप रेझिस्टर लावा, कारण तेव्हा चिप स्वतः वायर खाली ओढते. पुश-पुल पिन (हाय आणि लो दोन्ही स्वतः देणारी) असेल तर डेटा बाइटचा पहिला बिट ० ठेवा, म्हणजे ती पोच देणारच नाही.