एका सेंटात डझनभर

प्रश्न : मुंबईच्या चोरबाजारात जॅझची एक अमेरिकन एलपी मिळाली. लेबल एका छोट्या कंपनीचं, पण कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत ‘कोलंबिया हाऊसने परवान्याने बनवलेली, टेरा होट, इंडियाना’ असं इंग्रजीत छापलंय. दुकानदार म्हणतो ओरिजिनल, मित्र म्हणतो डुप्लिकेट. खरं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : डुप्लिकेट नाही. पण दुकानासाठी काढलेलीही नाही. ही पोस्टाने कुणाच्या तरी घरी गेलेली रेकॉर्ड आहे. कोलंबिया या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने १९५५ मध्ये रेकॉर्ड क्लब काढला, म्हणजे सभासदांना घरपोच पोस्टाने रेकॉर्ड विकण्याची योजना. दुकानदार बिथरले, तेव्हा त्यांनाही सभासद आणून देण्याचं कमिशन लावून दिलं. पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या रेकॉर्डही परवाना घेऊन क्लबच छापू लागला, म्हणून लेबल एकाचं नि पत्ता दुसऱ्याचा. ‘कोलंबिया हाऊस’ हे नाव सत्तरच्या दशकातलं. त्यामुळे कव्हरवर १९५९ असलं तरी तुमची प्रत तेवढी जुनी नाही.

या क्लबांची गोम मला चांगलीच ठाऊक आहे. १९८५ मध्ये मी ओहायोत शिकत होतो. एका क्लबची (नाव नको) मासिकात जाहिरात : एका सेंटात डझनभर रेकॉर्ड! कार्डावर खरंच एक सेंटचं नाणं चिकटवून पाठवलं. डझन आल्या, टपालखर्चाचं बिलही आलं. शिवाय पुढे काही रेकॉर्ड पूर्ण किमतीला घ्यायच्या, ही अट. खरी मेख वेगळीच. दर महिन्याला एक कार्ड यायचं. त्यावर ‘नको’ अशी खूण करून वेळेत परत पाठवलं नाही, की त्या महिन्याची रेकॉर्ड दारात हजर. या पद्धतीला सरकारने १९७३ मध्ये नियम लावला : ग्राहकाला विचार करायला निदान दहा दिवस द्या. पण मी तेव्हा बहिणीच्या लग्नाला साताऱ्यात! परतलो तर खोलीत तीन खोकी, तिन्हींत कंट्री संगीत. रूममेटने प्रेमाने सही करून घेतली होती.

तुमच्या रेकॉर्डचं म्हणाल, तर संग्राहक क्लबच्या प्रतीला सहसा कमी भाव देतात. चोरबाजारात हजारभर मोजले असतील, तर जरा जास्तच झाले. पण चरे नसतील तर खुशाल ऐका.

माझ्या त्या तीन एलपी अजून माळ्यावर आहेत. तुम्हाला पाठवतोय. नको असतील तर दहा दिवसांत कळवा.